केरसुणी नसलेली तिरडी

खारवाडी, ता. तळा
२० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. सुचिता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. बाबांविषयी फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही म्हणून लिहितो. कमी ऐकू येतं म्हणून तू त्यांना तो मोठ्या आवाजाचा फोन दिलास. तो ते कायम स्पीकरवर ठेवतात आणि माझा फोन वाजला तरी येऊन शेजारी बसतात. हाक मारलेली ऐकू येत नाही, पण आपल्याविषयी कुजबुजलेलं बरोबर ऐकू येतं. पोस्टमन मात्र थेट माझ्या दुकानात येतो.

जानेवारीत बाबा ओटीवर कोसळले तेव्हा माणगावच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की हृदय थकलंय, पुन्हा असं होणार. तेव्हा मोठ्या दवाखान्यात हलवायचं का, मशीन लावायचं का, की घरीच ठेवायचं, हे घरात बोलून ठेवा. मी हो म्हणून आलो. पण बोलायचं कसं? पहिल्यांदा विषय काढला तर बाबांनी विचारलं, सातबाऱ्याचं काही काम निघालंय का. दुसऱ्यांदा काठी उचलली. तिसऱ्यांदा भरल्या ताटावरून उठले आणि तुझी वहिनी माझ्याशी बोलेनाशी झाली. तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही. दुकानात जळलेली मोटर भरायला घेतो आणि तारेचे किती वेढे झाले ते विसरतो. असं माझ्या बाबतीत कधी झालेलं नाही, तुला ठाऊक आहे.

आता मला उपाय सुचलाय. धुळवडीला आपल्याकडे जिवंत माणसाची तिरडी काढतात. पुढे मडकं, मागे खोटे रडणारे, दारोदारी पोस्त, म्हणजे शिमग्याचे पैसे, गोळा करायचा आणि रडणाऱ्यांनी मयताला नाही नाही ते प्रश्न विचारायचे. मयतानं तिरडीवरून काहीही उत्तर दिलं तरी त्याचा राग धरायचा नाही, ही गावकीची रीत. यंदा तिरडीवर मी निजणार आहे. मला दवाखाना, मशीन, जाळणं, सगळं विचारायला रडणाऱ्यांतल्या बुधाजीला सांगून ठेवलंय. मी सगळी उत्तरं चुकीची देणार. बाबा ओटीवर बसलेले असतील. चुकीचं ऐकून त्यांना गप्प बसवत नाही. हा गुण माझ्यात कुठून आला ते तुला सांगायला नको. ते उठून बरोबर काय ते सांगतील आणि आपलं काम होईल.

हर्षदरावांना नमस्कार, साक्षीला आशीर्वाद. तुझा लोभ आहे, तो असाच राहू दे.

तुझा दादा
हरेश्वर

—

उरण
२६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

आज शिवरात्र, शाळेला सुट्टी, म्हणून लगेच उत्तर लिहायला बसले. तुझं अक्षर अजून छापल्यासारखं आहे. मजकूर वाचून मात्र डोक्याला हात लावला.

दादा, ब्याऐंशी वर्षांच्या, हृदय थकलेल्या माणसासमोर त्याचा मुलगा तिरडीवर बांधून आणायचा आणि म्हणायचं, आता बोला! ह्यांना वाचून दाखवलं तर हे पोट धरून हसले. मग म्हणाले, निदान तो काहीतरी करतोय. तेच मला लागलं.

कारण माझंही काही खरं नाही. रोज फोन उशाशी असतो. वर्गात फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे पर्समध्ये वाजतोय असा भास होतो. कंटेनरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकूनसुद्धा हात पर्सकडे जातो. माझं म्हणशील तर मी आधीच सांगितलंय, बाबांना काही झालं की सरळ नवी मुंबईत आणायचं. इथे मोठे डॉक्टर आहेत, मशीन आहेत. तू म्हणतोस त्यांना घर सोडवणार नाही. तुला कसं कळलं? मला तरी कसं कळणार, असं तू विचारशील. तेही बरोबरच. आपण दोघं त्यांच्याविषयी भांडतोय आणि ते ओटीवर बसून पान लावतायत.

तरी सोंग नको. आणि केलंसच तर तुझी ती मोजमापं घेऊन करू नकोस. साक्षीच्या बारशाला तू पाळण्याची दोरी ओळंबा लावून बांधली होतीस, बाळ रडून रडून निळं पडलं होतं.

वहिनीला अबोला सोडायला सांग. पत्र येईतो माझा जीव थाऱ्यावर नाही एवढं ध्यानात ठेव.

तुझी
सुची

—

खारवाडी
८ मार्च

चि. सौ. सुचिता हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पाळण्याची दोरी सरळ होती. पाळणा वाकडा होता. असो.

तू नको म्हणालीस, पण आता गावभर झालंय. मजा अशी की बाबाच कामाला लागलेत! तरण्यापणी ते पंचक्रोशीतले एक नंबरचे रडणारे होते. त्यांना रडायला न्यायला पलीकडच्या गावचे लोक होडी घेऊन यायचे, हे तू ऐकलं असशीलच. परवा बुधाजी अंगणात रडण्याचा सराव करत होता, तर बाबा आतून बाहेर आले आणि म्हणाले, अरे हे रडणं हाय का खोकला? पोटातून ये. मग स्वतः करून दाखवलं. शेजारची सखुबाई खरोखर धावत आली.

तिरडी मीच बांधतोय. बांबू आपल्याच बेटातले, सरळ पाहून घेतले, कामट्यांमधलं अंतर सारखं, गाठी सगळ्या एका बाजूला. आजवर सोंगाची तिरडी म्हणजे नुसता गबाळेपणा. शिवाय पायांकडच्या टोकाला केरसुणी बांधायची, खरी-खोटी लांबून ओळखू यावी म्हणून. एवढ्या देखण्या कामाला केरसुणी लोंबकळत ठेवणं मला पटलं नाही, मी ती काढून टाकली. बुधाजी दोनदा म्हणाला, राहू दे हरेशदादा, जुनी रीत हाय. मी म्हटलं, लोकांना डोळे आहेत.

बाबा हे सगळं बघतात, हसतात आणि मुद्द्याचं अवाक्षर काढत नाहीत. काल मी सहज विचारलं, तिरडी कशी झालीय? म्हणाले, लांबीला तुला पुरंल. आणि आत गेले. मला त्या क्षणापासून चैन नाही. त्यांना माझा बेत कळलाय की काय?

होळीनंतर सविस्तर लिहीन. आठवण असू दे, राग असला तरी चालेल.

तुझा दादा

—

उरण
१७ मार्च

दादा,

नमस्कार वगैरे तू समजून घे.

शुक्रवारी अंगणात चार माणसांसमोर तुला बोलले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच निघून आले, त्याबद्दल मी माफी मागणार नाही. माझ्या बाजूनं काय झालं ते तुला माहीत नाही, म्हणून लिहिते.

दुपारी मी रंगानं माखलेली, मोरीत हात धूत होते. पालीहून भागूआत्याचा फोन. नुसता हंबरडा. मधेच एवढं कळलं की येसादादा गेला, घरच्या ग्रुपवर फोटो आलाय. मी फोटो उघडला. बाबा तिरडीवर, गळ्यात हार, डोळे मिटलेले, बुधाजी ऊर बडवतोय. खाली एक अक्षर नाही. केरसुणी नाही! केरसुणी असती तर आत्या सत्तर वर्षं शिमगा बघतेय, तिनं फोटो बघून हसून फोन ठेवला असता.

तुझा फोन बंद. वहिनीचा बंद. बाबांचा वाजत राहिला, वाजत राहिला. रंग लागू नये म्हणून तुम्ही सगळे फोन तांदळाच्या डब्यात ठेवून गेला होतात हे मला नंतर कळलं.

ह्यांनी गाडी काढली. आत्याला वाकण फाट्यावर घेतलं. ती आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून उभी होती. घरी तिनं चूलसुद्धा बंद करवली होती. वाटभर ती बाबांच्या लहानपणच्या गोष्टी सांगून रडत होती. मला रडू येत नव्हतं. मला एकच गोष्ट आत कुरतडत होती, की दादानं डॉक्टरांना काय सांगितलं असेल? मशीन लावलं, की नको म्हणाला? आणि जे सांगितलं ते बाबांना हवं होतं का? हे मला आता जन्मभर कळणार नाही, असं वाटत होतं. माणगावपर्यंत तेच, तेच.

आणि दारात आले तर बाबा ओटीवर मांडी घालून पुरणपोळीवर तूप वाढून घेतायत. माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो माझा मलाच ओळखू आला नाही. आत्यानं त्यांना आधी पोटाशी धरलं आणि मग पाठीत धपाटे घातले. म्हणाली, मेल्या, माझी एसटी चुकवलीस! ती गाडीनं आली होती, पण रागात माणूस काय बोलेल.

आता खरं कारण. बाबा तिरडीवर गेले कसे? तू निजणार होतास ना? सगळे मला वेगवेगळं सांगत होते आणि मी कुणाचं ऐकून घेतलं नाही. ते काही बोलले का? बोलले असतील तर जसंच्या तसं लिही. स्वतःचं काही घालू नकोस.

सुचिता

—

खारवाडी
२१ मार्च

चि. सौ. सुचिता हिस,
आशीर्वाद. वि. वि.

केरसुणी मी काढली. चूक माझी. भागूआत्यांना फोन करून तसं सांगितलं, त्यांनी जे ऐकवलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

आता जसंच्या तसं.

तिरडी आपल्या अंगणात आली तेव्हा मी वर होतो. बुधाजीनं रडत विचारलं, देवा, तुला दवाखान्यात न्यायचा का? मी म्हटलं, मोठ्यात मोठ्या दवाखान्यात न्या, सगळ्या नळ्या लावा, गणपतीपर्यंत मशीनवर ठेवा. लोक हसले, बाबाही हसले. जाळायचा कुठं? मी म्हटलं, शहरात गॅसवर, अस्थी कुरियरनं पाठवा. बाबा पुन्हा हसले. माझा बेत फसत चालला होता. मग बुधाजीनं विचारलं, म्हाताऱ्या बापाचं काय करायचं? मी ठरल्याप्रमाणे म्हटलं, बापाला कुणी विचारलंय?

बाबा काठी न घेता पायऱ्या उतरले. माझा कान धरला आणि म्हणाले, उठ. रांग मोडतोस? माझ्याआधी तुला कुणी निजायला सांगितला? मी उठलो. त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली आणि स्वतः आडवे झाले. हसणं थांबलं. कुणी हार घातला, कुणी फोटो काढला ते मला दिसलंसुद्धा नाही. मग डोळे मिटूनच म्हणाले, बुध्या, विचार की. आणि नीट रड.

दवाखान्याचं विचारलं. म्हणाले, एकदा न्या. सुचीच्या मनासाठी न्या, नाहीतर ती पुढं खंगत बसंल. पण मशीन न्हाय. माणसं वळखू येईनाशी झाली की घरी आणा. मग स्मशानाचं. म्हणाले, भरतीला वाट पाण्याखाली जाते, घाई करून मला पाण्यातनं नेऊ नका. पोरांच्या आईला नेली तेव्हा तिचे पाय भिजले होते. ओहोटी लागेतो अंगणात ठेवा, मला कुठं जायचाय? लोक हसले, पण तोंडाला पदर लावून.

शेवटी बुधाजीनं विचारलं, वेळ आली, आता मशीन नको, असा डॉक्टरला कुणी सांगायचा? मी तिरडीच्या उशाशीच उभा होतो. बाबा म्हणाले, सुचीनं.

त्यांच्या गोळ्या मी देतो. त्यांची नखं मी काढतो. मला झोंबलं, लपवत नाही. का म्हणून विचारायला गेलो तर म्हणाले, शिमगा संपला.

तू होतीस मशीनच्या बाजूची. आता तुला नको म्हणायचंय. जमेल का, ते मला कळव. त्यांना नको, मला.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

दादा

—

खारवाडी

सुचीस येसाजीचा आशीर्वाद.

मी चौथी शिकलेला, चुकलामाकला सुधारून घे. हऱ्या बाजारला गेलाय म्हणून लिहितोय. तू त्याला काय कळवलंस ते त्यानं मला सांगितलं न्हाय, पण दोन दिस जेवत न्हाय म्हंजे तू जमणार न्हाय असं लिवलं असशील.

तो फुगलाय माझ्यावर. त्याला सांगू नको, पण तुला सांगतो. आपल्या गावात जळक्या मोटरी हायत त्या सगळ्या त्याच्या दुकानात पडल्यात. लोक म्हणतात भंगारात दे, हा म्हणतो थांबा, अजून बघतो. कुठली मोटर मेली असा त्याच्या तोंडातून कधी निघाला न्हाय. तुझ्या आईच्या वेळी डॉक्टर मान हलवून गेला तरी हा तिची सलाईन सरळ करीत बसला व्हता. माझ्या वेळी बी तेच करंल. नळी नीट बसली का बघंल, आणि मी तिकडं लोंबकळत राहीन. त्याला मी हे काम कसं सांगू? पोरगा हाय माझा.

तुझं येगळं हाय. तू आधी आरडाओरडा करतेस आणि मग जे करायचं ते करतेस. ल्हानपणापासून बघतोय.

तू म्हणशील, बाबा, माझ्यानं न्हाय होणार. धुळवडीला तू दारात आलीस आणि किंचाळलीस, तो मी ओटीवरनं बघितला. मेलेल्या माणसाला आपली लेक कशी रडते ते बघाया मिळत न्हाय. मला मिळाला, हातात पोळी घेऊन. मी जन्मभर लोकांच्या दारात रडलो, पण तसा आवाज मला कधी काढता आला न्हाय.

तर पोरी, तुझं रडून झालंय. मला पोचलंय. खऱ्या दिवशी थोडं कमी रड, आणि डॉक्टरला मोठ्यानं, एकदाच सांग.

पाडव्याला ये. भागूला घेऊन ये, आणि ह्या खेपेला रंगीत लुगडं नेसून यायला सांग.

तुझा बाप
येसाजी