त्र्यंबकची रेघ आणि मी

नाशिक,
डिसेंबर २००५

ती. दत्तूमामांस,

दीपकचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरत नसेल आणि मामी तुम्हाला तेल लावून देत असतील, असं धरून चालतो. (मी हल्ली बरंच काही धरून चालतो. त्याचीच ही हकीकत.)

आमच्या कॉलेजात परवा चर्चासत्र झालं. जिल्ह्यातला धंदा पुढच्या वर्षी वाढेल की घटेल, हे कोणत्या पद्धतीने नीट सांगता येतं, हा विषय. माझी पद्धत सोपी: मागच्या वर्षांचे आकडे मांडायचे आणि रेघ तशीच पुढे ओढायची. माझ्याबरोबर शिकवणाऱ्या ज्योत्स्ना मॅडमची किचकट. यात्रेकरू घटले की लॉज, फुलवाले, रिक्षा, भाजीबाजार कसे एकमेकांना खाली ओढतात, याची त्या समीकरणं मांडतात. मी त्यांना सगळ्यांदेखत म्हणालो, "मॅडम, एवढा पसारा कशाला?"

मग आमचे विभागप्रमुख सर म्हणाले, दोघांनी सिंहस्थापर्यंतचेच आकडे घ्या आणि त्यापुढचं वर्ष सांगा, खरं काय झालं ते आपल्याला ठाऊकच आहे. सिंहस्थात त्र्यंबकला लोटलेली गर्दी माझ्या मॉडेलने मनावर घेतली. रेघ अशी चढली की कागद संपला. मी दुसरा जोडला. (इथेच थांबायला हवं होतं.) तुलनेपुरता तिसरा एक अडाणी अंदाजही ठेवला होता: पुढचं वर्ष गेल्या वर्षासारखंच. खऱ्या आकड्यांशी ताडून पाहिलं, तर मॅडम पहिल्या आल्या, अडाणी दुसरा आणि मी तिसरा.

त्र्यंबकचे लॉजवाले बहिरूभाऊ उठले. "सर, मी वरचा मजला चढवू का नको, तेवढं सांगा ना."

सवयीने माझ्या तोंडून "चढवा" गेलं. सभागृह हसलं. मॅडम मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, यंदा थांबा. आहेत त्या खोल्या आधी भरू द्या." बहिरूभाऊंनी काम थांबवायला तिथूनच गवंड्याला फोन लावला. मला लाज वाटली, पण माणूस वाचला म्हणून बरंही वाटलं. जिल्ह्याच्या अंदाजाचं काम मॅडमना मिळालं. मी आता त्यांच्या हाताखाली आकडे तपासतो आणि कुरकूर करत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
दीपक

ता. क. मॅडम रविवारी तुमच्या कळवणच्या बाजाराची माहिती घ्यायला तिकडे येताहेत. जेवायला घरीच थांबवा. मामींनी बोलता बोलता माझ्याबद्दल दोन बरे शब्द टाकावेत.

ता. क. २. लग्नाचं मी त्यांना विचारलं आहे. त्यांनी नाही म्हटलेलं नाही, विचार करायला वेळ मागितला आहे. यावरून पुढचा अंदाज बांधायचं मी कटाक्षाने टाळतो आहे. फक्त कोटाचं माप देऊन आलो.