परतण्यापुरती वीज

प्रिय हालवोर,

तू उत्तरेकडे गेल्यापासून इथे थंडी जरा नरमली आहे. छपरावरचा बर्फ परवा दुपारी एकदम खाली आला, मला वाटलं गोठाच कोसळला. तुझ्या घराच्या पायऱ्या मी झाडून ठेवल्या आहेत, कुंडीतल्या रोपांना पाणी घातलंय. तू फोनवर म्हणालास, तिथल्या सुट्टीच्या घरांच्या वस्तीत दर दाराशी गाड्या चार्ज करायचं एकेक खोकं बसवायचं काम आहे आणि बोटं तारेला चिकटतात इतकी थंडी आहे. आतून लोकरीचे हातमोजे घाल, वरून कामाचे. सगळ्या दरीत तुझ्यासारखा वीजतंत्री नाही, हे मी तुझी आई म्हणून सांगत नाही, लोकच म्हणतात. तुझे वडील गेले तेव्हा तू शाळेत होतास. त्या हिवाळ्यात मला न सांगता रोज पहाटे माझी चूल पेटवून मग शाळेची बस पकडायचास. ते मी विसरलेले नाही. हे सगळं लिहिताना ते डोळ्यांसमोर ठेवलंय, नाहीतर लिहवलं नसतं.

बोलून सांगितलं असतं, पण बोलण्यात मी तुझ्यापुढे टिकत नाही. तू हसतोस, गालाला हात लावतोस, म्हणतोस, "आई, तुझी कॉफी गार होतेय," आणि विषय संपतो. कागदाच्या गालाला हात लावता येत नाही.

गोठ्याच्या भिंतीवर तू आपल्या घरचं खोकं बसवलंस तो दिवस मला आठवतो. लग्न होऊन आलेल्या मारितची जुनी पेट्रोलची गाडी तू तिला न विचारता विकून टाकली होतीस, आणि नवी विजेची गाडी अंगणात आणून तिच्या हातात किल्लीऐवजी एक कार्ड ठेवलंस. ती बिचारी खूश झाली. गाडी किती भरायची तो आकडा तुझ्या फोनवरून ठरायचा. गाडीतल्या पडद्यावरूनही तो बदलता येतो म्हणे, पण त्याला तू तुझा गुप्त क्रमांक घातला होतास. ती दातांच्या दवाखान्यात कामाला जायची, यायची. तेवढ्यापुरतं तीस टक्के. मी एकदा विचारलं तेव्हा तू म्हणालास, "बॅटरीला तेच बरं असतं, आई." मला त्यातलं काय कळतंय? मग मला दिसायला लागलं की तुमचं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी ती बसने जाते. बसथांबा खाली नदीपाशी, बर्फातून चालत. मी खिडकीतून बघायचे. तिने तक्रार केली नाही. मला एवढंच म्हणायची, "तूरा, आज गाडी भरली नाही गं, रात्री काहीतरी झालं असेल."

ख्रिसमसच्या जेवणाला तुझे बँडमधले मित्र आले होते. बरगड्यांचं मांस झालं, दारू झाली, आणि तू ग्लास उचलून म्हणालास, "बायको आणि बॅटरी, दोन्ही पुरती भरू देऊ नये. टिकतात जास्त." सगळं टेबल हसलं. मारितही हसली. मी तिच्याकडे बघत होते. ती हसता हसता बटाट्याची साल काढत होती आणि साल संपली तरी सुरी चालूच होती.

आता मागच्या हिवाळ्यातल्या फेब्रुवारीचं सांगते. तुला वाटत असेल, आई म्हातारी झाली, तिच्या लक्षात काय राहतंय.

मारितच्या वडिलांचं, ओलावचं, हृदय थकलं होतं. डोंगरापलीकडे, फ्योर्डच्या खाडीकाठी त्यांची सफरचंदाची बाग, आणि ते इस्पितळात. शनिवार-रविवार जाऊन येते म्हणाली, तर तू म्हणालास, "पुढच्या आठवड्यात बघू. म्हातारा गेली तीन वर्षं मरतोच आहे." बाजाराला जायचंय म्हणाली म्हणून रात्री तू आकडा पन्नासवर नेलास. सकाळी तू कामावर गेल्यावर इस्पितळातून फोन आला, आजच या. तिने कोट चढवला, माझ्या दाराशी येऊन म्हणाली, "तूरा, मी जाते. त्याला तूच सांग." आणि गेली. वाटेत डोंगरावरच्या पठाराच्या तोंडाशी चार्जिंग स्टेशन आहे, तिथे परत पन्नासपर्यंत भरून घेऊ, तेवढ्यात पलीकडे पोचू, हा तिचा हिशेब. हिशेब बरोबर होता.

दुपारी तू माझ्याकडे वॅफल खायला आलास. मी तुला सांगितलं. तू फोन काढून टेबलावर ठेवलास. फोनवर गाडी कुठे उभी आहे ते दिसत होतं. चार्जिंगला लागलेली दिसत होती. तू चार्जिंग थांबवायच्या खुणेवर बोट टेकवलंस. बोटाला क्लाउडबेरीचा जॅम होता, पडदा ऐकेना, म्हणून बोट चाटून परत टेकवलंस. थोड्या वेळाने तिचा फोन आला. तू तो टेबलावरच मोठ्या आवाजात लावलास, माझ्यापासून लपवावं असंही तुला वाटलं नाही. ती म्हणाली, "हालवोर, यंत्र बंद पडतंय. मागे रांग आहे, लोक खोळंबलेत." तुझा आवाज किती गोड झाला, रे. "अगं, थंडीत ही यंत्रं अशीच करतात. केबल काढ, पुसून परत लाव. घाई करू नकोस." तिने तसं केलं. पलीकडून वारा ऐकू येत होता. ती म्हणाली, "लागलं, लागलं," आणि तू परत बोट टेकवलंस.

मी म्हटलं, "हालवोर, तिचा बाप आहे." तू म्हणालास, "आई, वॅफल करपतंय." आणि खरंच करपत होतं.

नंतरचं मला मारितने सांगितलं, कारण ते तुला तिने कधीच सांगितलं नाही. तिच्या मागे एक माणूस होता, गाडीला जोडलेल्या ट्रेलरमध्ये कुत्री घेऊन निघालेला. त्याने तिला शेजारच्या यंत्रावर गाडी लावायला मदत केली. तिथेही तेच. तो म्हणाला, "बाई, यंत्र धडधाकट आहे. तुझी गाडीच नको म्हणतेय." मग म्हणाला, "बर्फ सारणाऱ्या नांगरगाडीमागून गाड्यांची रांग सुटतेय, ही शेवटची असेल, माझ्याबरोबर चल." ती म्हणाली, "नको, माझा नवरा वीजतंत्री आहे, तो फोनवर सांगतोय ना." रांग गेली. पठारावर वादळ उठलं, फाटक पडलं, रस्ता बंद झाला. तेव्हा तू तिला पुन्हा फोन केलास. तोही मी ऐकला. "किती टक्के आहे? तेवढ्यात पुढे नाही जाता येणार, पण घरी पोचशील. अंधार पडायच्या आत ये."

ओलाव संध्याकाळी गेले. मारित घरी पोचली तेव्हा तू मटण-कोबी शिजवून ठेवला होतास, मेणबत्त्या लावल्या होत्यास. ती दारातच खाली बसली. तू तिला उचललंस, तिचे बूट काढलेस, पाय चोळलेस. मी आपल्या दोन घरांमधल्या अंगणात उभी होते, खिडकीतून सगळं दिसत होतं. कुणी परका बघता तर म्हणाला असता, काय नवरा आहे.

चर्चमध्ये तू शवपेटीला खांदा दिलास. रडलास. खोटं रडलास असं मी म्हणत नाही, हालवोर. तू मनापासून रडलास, आणि तेच मला अजून झेपत नाही. तिच्या मावशा माझा हात धरून म्हणाल्या, "काय मुलगा वाढवलास, तूरा." मी आभार मानले.

एप्रिलमध्ये मारित ओलावचे स्वेटर घेऊन माझ्या स्वयंपाकघरात बसायची. कोपर विरलेले होते, ती ते रफू करत होती. कुणासाठी, तिलाच ठाऊक. आणि रोज तेच बोलायची. "मी त्या कुत्रेवाल्याबरोबर जायला हवं होतं. हट्ट केला मी. माझीच चूक." रोज. एक दिवस माझ्याच्याने ऐकवेना आणि मी तिला सांगितलं. फोन, बोट, सगळं. ती रडेल, ओरडेल, बशी फेकेल असं वाटलं. तिने विचारलं, "तेव्हा तो काय खात होता?"

"वॅफल," मी म्हटलं.

"जॅम लावून?"

"हो."

तिने बाहीचं रफू पुरं केलं, दोरा दाताने तोडला, स्वेटरची घडी घातली. मग म्हणाली, "मला माझी गाडी हवी. त्याच्या फोनमध्ये नसलेली."

पुढचं तुला अर्धंच ठाऊक आहे. मी ती छोटी वापरलेली विजेची गाडी घेतली तेव्हा तू किती हसलास. "या वयात, आई? रेंडिअरला धडकशील." पण तुझा जीव आहे माझ्यावर. माझ्या घराच्या भिंतीवर तू स्वतः खोकं बसवून दिलंस, माझ्या मीटरवर, आणि पैसे म्हणून माझ्याकडून एक डबा बिस्किटं घेतलीस. शेजारी बसून मला सगळं शिकवलंस. पुढचं स्टेशन कुठे, केबल कशी धरायची, थंडीत निघण्याआधी प्लग न काढता गाडी आतून कशी गरम करून घ्यायची. म्हणालास, "आई, लांब जायचं असेल तर आदल्या रात्री पूर्ण भर. डोंगराचा भरवसा नसतो." मारित मागच्या सीटवर बसून ऐकत होती. तू इतकं छान शिकवलंस की तिला नंतर काही विचारावं लागलं नाही.

सतरा मेला, राष्ट्रीय दिनी, सगळी दरी झेंडे घेऊन रस्त्यावर, आणि तू बँडमध्ये कर्णा वाजवत सगळ्यांत पुढे. मी झेंडा हलवत कडेला उभी होते. तू वाजवता वाजवता भुवया उंचावून विचारलंस, मारित कुठे? मी कपाळाला हात लावून दाखवला, डोकं दुखतंय. तुझ्या गालात हवा भरलेली होती, तरी तू हसलास. त्या वेळी ती पठारावर होती. रस्ता कोरडा होता, गाडी शंभर टक्के भरलेली. तिचं पहिलं टपालकार्ड मला आलं त्यावर नुसतं एका सफरचंदाच्या झाडाचं चित्र होतं, फुलांनी भरलेलं. तिच्याबद्दल याहून जास्त मी तुला सांगणार नाही. तू तिथे दोनदा जाऊन आलास आणि तिने दार उघडलं नाही, हे मला माहीत आहे.

गावात तू सांगत फिरलास, "तिने माझ्या आईला फसवून गाडी पळवली, म्हातारीला काही कळत नाही." मी गप्प राहिले. दुकानात लोक माझ्याकडे दयेने बघायचे, एकीने तर माझी पिशवी उचलून दारापर्यंत आणून दिली. तेही सोसलं. तर आता लेखी देते: गाडी मी विकत घेतली ती तिच्यासाठीच, आदल्या रात्री प्लग मी लावला, पहाटे मी काढला, आणि डोकं दुखत असल्याचं खोटं मी बोलले.

हे सगळं इतक्या दिवसांनी का, असं तू विचारशील. तू निघण्याआधी सिल्येला माझ्याकडे जेवायला आणलंस. चांगली मुलगी आहे, मोठ्याने हसते. तू तिला म्हणालास, तुझा तो जुना डिझेलचा खटारा विकून टाकू, वसंतात तू इथे राहायला आलीस की गोठ्याच्या भिंतीवरचं खोकं तुझंच. आणि तिने तुझ्याकडे तसं बघितलं जसं मारितने बघितलं होतं. म्हणून इथवर लिहून झाल्यावर मी सिल्येला कॉफीला बोलावलं आणि हे कागद तिच्या पुढ्यात ठेवले. तिने ते वाचले, मग पहिल्या पानापासून परत वाचले. कॉफीला हात लावला नाही. तुझ्या घरात जाऊन स्वतःच्या दोन पिशव्या घेऊन आली आणि डिझेलची गाडी सुरू करून गेली. तुला फोन करायची नाही म्हणाली, म्हणून हे कागद आता तुला धाडते, म्हणजे तू तिथे बर्फात फोन हातात धरून वाट बघत बसणार नाहीस. तू माझा एकुलता एक आहेस आणि तुझं जेवण माझ्याकडे नेहमी असेल. पण या अंगणात कुणीही राहायला येणार असेल, तर तिला आधी मी कॉफीला बोलावणार आहे. माझ्या तब्येतीची काळजी करू नकोस. ती उत्तम आहे.

तुझीच,
आई