शिदोरी कुणी बांधली?

४ मे, रविवार

लिही. आधी तारीख, मग माझा राग. लहान अक्षर काढ, जागा पुरायची नाही.

चर्चच्या उन्हाळी शिबिराला यंदा छापील पुस्तक आलंय! गोष्टीसुद्धा छापील! उपासना संपल्यावर नव्या पाळकबाईंनी एकेकीच्या हातात ठेवलं. 'यंदा सगळ्यांनी ह्यातूनच सांगायचं हं, आजी.' मी उघडलं, दोन पानं उलटली, मान हलवली. चित्रं बरी आहेत. योना माशाच्या पोटात बसून हसतोय. त्याला काय झालंय हसायला!

पस्तीस उन्हाळे मी शिबिरात मुलांना गोष्टी सांगते, त्या डोक्यातून. मला वाचता येत नाही हे तुला आणि तुझ्या नवऱ्याला माहीत. चर्चमध्ये कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. आता हे पुस्तक मांडीवर घेऊन मी काय करू, वारा घालू?

आणि सूनबाई, 'आई, तुमचं रोज ऐकावंच लागतं, तर लिहूनच काढते' हे तूच म्हणालीस. तेव्हा तोंड वाकडं न करता लिही. खाडाखोड नको. मला अक्षर कळत नसलं तरी खाडाखोड कळते.

५ मे, सोमवार

शिबिर सुरू. चर्चमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्रेचाळीस मुलं, दोन पंखे. एक फिरतो, दुसरा नुसता मान डोलावतो, आपल्या कमिटीसारखा.

निम्मी मुलं आपल्या चर्चची नाहीतच, आसपासच्या गल्ल्यांतली आहेत. देवावर विश्वास असो नसो, सुट्टीत सगळ्या आयांचा शिबिरावर विश्वास! फाटकावर नवी पाटी लागलीय म्हणे, सर्वांचं स्वागत. पाळकबाईंचं स्वागत म्हणजे पुराचं पाणी, कुणी सुटत नाही. पाण्याचं मीटर बघायला आलेल्या माणसाला खुर्ची दिली, छातीला नावाची चिठ्ठी लावली, टाळ्या वाजवल्या. तो बिचारा मीटर न बघताच पळाला.

मी योनाची गोष्ट सांगितली. छापील पुस्तक मांडीवर उघडं, आणि दम लागला की पान उलटायचं. कुणाला संशय नाही.

७ मे, बुधवार

आज पाच भाकरी आणि दोन मासे! ही गोष्ट माझी. मोठी झालेली मुलंसुद्धा हिच्यासाठी दारात येऊन उभी राहतात.

हजारो माणसं उपाशी, एका पोराजवळ शिदोरी, आणि ती येशूने सगळ्यांना पुरवली. एवढं कुणीही सांगेल. मी सुरुवात त्या पोराच्या आईपासून करते. ती पहाटे उठते. भाकरी थापते. नवऱ्याच्या जुन्या सदऱ्याचं फडकं घेते आणि शिदोरी बांधते. गाठी तीन! पहिली, पोर सांडेल म्हणून. दुसरी, पोर वाटेतच खाऊन टाकेल म्हणून. आणि तिसरी?

इथे मी पाणी पिते. मुलं ओरडतात.

तिसरी, कुणाला द्यायची वेळ आली तर सोडायला वेळ लागावा म्हणून. तेवढ्यात विचार करता येतो. पोर तिन्ही गाठी सोडतं. सगळे जेवतात, बारा टोपल्या उरतात. आणि मग येशू त्या पोराला फडकं परत देतो, नीट घडी घालून. 'आईला सांग, गाठी छान होत्या.'

पुढच्या रांगेत एक सात वर्षांची मुलगी बसते, शाळामास्तरांची. आवाज असा की सगळे तिला भोंगा म्हणतात. तीसुद्धा गप्प!

आमच्या ह्यांनी सांगितलेली गोष्ट आहे ती. संध्याकाळी शिलाईचं मशीन बंद करायचे, हात पुसायचे आणि लग्नात मिळालेलं बायबल उघडून मला वाचून दाखवायचे. मला जे येतं ते सगळं त्यांच्या तोंडून आलंय.

८ मे, गुरुवार

भोंग्याने घरी जाऊन गोष्ट सांगितली. मास्तरांनी पुस्तक काढून ताडून पाहिली. मास्तरच ते! सकाळी फाटकात हजर.

पाळकबाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. आधीच रुमाल पुढे केला, म्हणजे मी रडणार हे ठरलेलं! 'आजी, गोष्ट फार गोड आहे. पण ती आई, ते फडकं, त्या गाठी... शास्त्रात नाहीत हो.'

'तुमच्या पुस्तकात नसतील.'

'आजी, पुस्तक सगळीकडे एकच.'

मी म्हटलं, माझ्या नवऱ्याने मला वाचून दाखवलंय, ओळीवर बोट ठेवून. पाळकबाईंनी माझा हात हातात घेतला. असा राग आला! भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं. हात धरणाऱ्याशी काय भांडायचं?

घरी आल्यावर तू तुझ्या बायबलातून चारही ठिकाणचं वाचून दाखवलंस. ह्यांचं कपाटावर आहे ते मी काढू देत नाही, तुला ठाऊक आहे. चौघांनी लिहिलंय. तिघांना तर ते पोरही दिसलं नाही! चौथ्याला पोर दिसलं, आई नाही. पुरुषांनी लिहिलेलं, आणखी काय होणार!

पण नाही ते नाहीच.

९ मे, शुक्रवार

आज काही नाही. पेन ठेव.

१० मे, शनिवार

आज आहे.

फसवलं मला! हातात देवाचं पुस्तक, डोळ्यांवर चष्मा, आणि मधेच आपल्या पदरचं घालायचं! मी हातातलं काम टाकून ऐकायची. 'खरंच असं लिहिलंय?' विचारलं की म्हणायचे, 'मग काय, मी सांगतोय?' वर मिश्कील हसणं. वाटायचं, देवाचं वाचून माणूस खुशीत आलाय.

हसत होते ते मला!

म्हणजे गाठी त्यांच्याच. माझ्या डोक्यात आधीच यायला हवं होतं. शिंपी माणूस. गिऱ्हाइकाचं माप वहीत लिहायचे नाहीत, सुतळीला गाठी मारायचे. ही खांद्याची, ही बाहीची, ही उंचीची. खुंट्यांवर अख्ख्या वस्तीची लांबी-रुंदी लोंबत असायची. कुठली सुतळी कुणाची, कधी चुकले नाहीत. 'शाई पुसते, गाठ पुसत नाही,' म्हणायचे. मला केवढा अभिमान! आणि ह्या माणसाने येशूच्या गोष्टीतसुद्धा आपलं दुकान थाटलं!

दरवर्षी चाळीस मुलं, पस्तीस वर्षं. हिशेब तू कर. एवढ्यांना मी देवाच्या घरात बसून खोटं सांगितलं. आणि आता कुठली गोष्ट खरी, कुठली ह्यांची, हेही मला कळत नाही. योनाने तीन दिवस माशाच्या पोटात गाणं म्हटलं, ते आहे का गं? प्रार्थना आहे? बघ! गाणं ह्यांचं!

मेलेल्या माणसाशी भांडण नको गं बाई. उलट बोलत नाही, जिंकू देत नाही.

११ मे, रविवार

चर्चला गेले. गीतपुस्तक उभं धरलं, सगळी गाणी पाठ म्हटली, नेहमीसारखी. शेजारी जागा रिकामी. आठ वर्षं तिथे कुणी बसत नाही, बरं आहे. एकदा तिथे हे उभे होते, आम्ही दोघं मिळून एकच पुस्तक धरलेलं. मागच्या बाकावरची बाई पुढे वाकली आणि तिने ते उलटं होतं ते सरळ केलं! मी शरमेने अर्धी झाले. हे म्हणाले, 'मी तर डोळे मिटून गात होतो.' तेव्हा केवढी हसले होते. आज हसू आलं नाही.

शेवटी पाळकबाईंनी जाहीर केलं, उद्यापासून गोष्टी बँकेतला कारकून सांगेल, आणि आजींना नवा मान! स्वागताचं टेबल! येणाऱ्या प्रत्येक मुलाला पाणी द्यायचं, नाव विचारायचं आणि चिठ्ठीवर नाव लिहून छातीला लावायचं.

लिहून!

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकी प्रेमळ माणसं, एकानेही विचारलं नाही, आजी, जमेल का.

१३ मे, मंगळवार

काल डोकं दुखतंय म्हणून घरी राहिले. आज दुखायचं बंद झालं, कारण तू म्हणालीस, 'आई, रोज रोज डोकं दुखलं तर डॉक्टर बोलावतील.' कडू बोलतेस, पण कामाचं बोलतेस.

ह्यांच्या दुकानातल्या चिंध्यांचं गाठोडं घेऊन गेले. प्रत्येक मुलाला एक तुकडा, टाचणीने. फुलाफुलाचा, रेघांचा, खाकी, मखमल. दोन एकसारखे नाहीत. 'ए मखमल, पाणी पिऊन जा!' मुलं खूश. पाळकबाई म्हणाल्या, 'आजी, काय कल्पना हो!' कल्पना कसली, अब्रू झाकतेय. चिंध्या त्याचसाठी असतात.

टेबलापाशी सगळं ऐकू येतं. कारकून पुस्तकात मान घालून वाचतो. वाचतो कसला, नोटा मोजल्यासारखा भरभर! मुलं टाचण्या काढून एकमेकांना टोचत होती.

१४ मे, बुधवार

पाण्याला आलं की एकेक पोर विचारतं, 'आईची गोष्ट पुन्हा सांगा ना.' मी सांगितलं, ती आई नव्हतीच.

भोंगा पेला खाली ठेवून म्हणाली, 'नव्हती? मग शिदोरी कुणी बांधली?'

मी म्हटलं, बाबांना विचार. ती म्हणाली, 'विचारलं. बाबा म्हणाले, तो मुद्दा नाही.'

मग प्रार्थनेला सगळे डोळे मिटून असताना तिने तोच प्रश्न पाळकबाईंना विचारला. तिचा आवाज! देवालाही ऐकू गेला असणार. पाळकबाईंनी डोळे उघडले आणि कारकुनाकडे पाहिलं. कारकून पुस्तकात शोधायला लागला.

१६ मे, शुक्रवार

पाळकबाई घरी आल्या. चहा घेतला. म्हणाल्या, 'आजी, रविवारी समारोप आहे. सगळ्या आया येणार. तुम्ही ती गोष्ट सांगा. फक्त आधी एवढंच म्हणा, की हा भाग शास्त्रातला नाही, आमच्या घरातला आहे.'

एवढंच म्हणा! सगळ्या गावासमोर उभं राहून सांगू, की माझा नवरा देवाचं पुस्तक हातात घेऊन थापा मारायचा? आणि ते मला कळलं कसं नाही, हे कुणी विचारलं तर? मला एक अक्षर येत नाही, हेही सांगू?

मी नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा हात धरला. ह्या वेळी मी काढून घेतला.

त्या गेल्यावर तू म्हणालीस, 'आई, नाही सांगितलीत तर ती आई तुमच्याबरोबरच जाईल.' सासूला तिच्या मरणाची आठवण करून देणारी सून! लिही, हेही लिही.

१८ मे, रविवार

सांगितली.

माइक आधी किंचाळला, मग मी. म्हटलं, 'ही गोष्ट अर्धी शास्त्रातली, अर्धी माझ्या नवऱ्याची. मला वाचता येत नाही. ते वाचून दाखवायचे आणि मधे मधे स्वतःचं घालायचे. लबाड होते. त्यांच्या वतीने माफी मागते.'

मागून चर्चचा म्हातारा रखवालदार ओरडला, 'वहिनी, मग इतकी वर्षं गीतपुस्तक कशाला धरता?'

'हातांना काम म्हणून!'

हसले सगळे. मग मी पहाटे उठणाऱ्या आईपासून सुरू केलं. तिसऱ्या गाठीला पाणी प्यायले, तर मुलांबरोबर आयासुद्धा ओरडल्या. मास्तरही! मग टाळ्या, मिठ्या, माझ्या साडीची घडी विस्कटली. सगळ्यांनी माफ केलं त्यांना. कारकुनाने, पाळकबाईंनी, सगळ्यांनी. मी नाही केलं. थापा त्यांनी मला मारल्या होत्या, चर्चला नाही.

निघताना भोंगा आडवी आली. 'आजोबा ज्यातून वाचायचे ते पुस्तक मला दाखवा.' उद्या आणते म्हटलं. पोरीला नाही म्हणायला माझ्यात जोर उरला नव्हता.

१९ मे, सोमवार

सकाळी तुला पुस्तक खाली काढून पुसायला सांगितलं. आठ वर्षांची धूळ. तू उघडायला गेलीस आणि थांबलीस. 'आई, कडांच्या सोनेरी मुलाम्याने पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. ही पानं कुणी कधी सुटीच केली नाहीत.' फक्त एका जागी उघडतं. जिथे त्यांची लाल फीत आहे तिथे. तिथे गोष्ट नाही. नुसती नावं, ह्याचा मुलगा तो, त्याचा मुलगा तो. आणि खालच्या कोपऱ्यात अंगठ्याचा निळा डाग. त्यांच्या मापाच्या खडूचा.

तीस वर्षं तेच एक पान.

भोंग्याला सांग, पुस्तक सापडत नाही. मला अक्षर येत नाही हे सगळ्यांना सांगून झालंय, ह्यांचं कुणाला सांगायचं नाही. फीत होती तिथेच ठेव. आणि मला ते पान वाचून दाखव. सावकाश. एकही नाव गाळू नकोस.