डोळे उघडून केलेली प्रार्थना

प्रिय चिमणे,

तुझं पत्र परवा मिळालं. सोमवारी डोक्याचं ऑपरेशन, सोबतीला कुणी नाही, आणि शेवटी तुझी ती ओळ, की ताई, तू प्रार्थना कर, देव तुझं ऐकतो. उत्तराला दोन दिवस लागले. पप्पा बरे आहेत. ऐकू कमी येतं, पण हवं तेवढं बरोब्बर येतं. मी अजून त्याच कारखान्यात शर्टांना काजं करते. बुधवारची प्रार्थनासभाही चालू आहे, आणि माझी प्रार्थना अजून तेवढीच लांबलचक असते. पाळकसाहेब मधूनमधून खोकतात, पण मी काही आमेनला येत नाही.

अशाच एका बुधवारचं तुला सांगायचंय. अकरा वर्षं झाली. तुझं त्या घड्याळं दुरुस्त करणाऱ्याशी ठरलं होतं. तुला फिट्स येतात हे घराबाहेर फक्त तुझ्या नर्स मैत्रिणीला ठाऊक होतं; गोळ्या तीच आणून द्यायची. त्याला तू स्वतः रविवारी सांगणार होतीस. त्याआधीच त्याच्या घरी कळलं आणि लग्न मोडलं. आपण खापर नर्सवर फोडलं. तू तिच्या तोंडावर दार लावलंस, ती जिन्यात उभी राहून रडली, आणि मी आतून ऐकत होते. चोर सोडून संन्याशाला सुळी दिली गं आपण.

सांगितलं मी होतं. सभेत उभी राहून मी प्रभूकडे तुझ्यासाठी मागत होते. आधी नुसतं सुख, आरोग्य, नेहमीचंच. मधेच मी डोळे उघडले. सगळ्यांच्या माना खाली होत्या. दुसऱ्या बाकावर त्याची आत्या बसली होती. ती आहे हे पाहून मी डोळे मिटले, आणि मग आवाज चढवून फिट्सचं नाव घेतलं. बहिणीसाठी प्रार्थना करणं हा काय गुन्हा, असं मी स्वतःला वर्षानुवर्षं समजावलं. पण खरं सांगू? मला तुझा हेवा वाटत होता. तू गेल्यावर त्या दोन खोल्यांत मी आणि पप्पा, एवढंच उरणार होतं. थोरलीचं आधी व्हायला हवं होतं हे कुणी बोलत नव्हतं, तरी मला ते रोज ऐकू यायचं. लग्न मोडलं आणि तू गाव सोडून गेलीस, म्हणजे तुझी सोबतही माझ्या पदरात पडली नाही.

परवा तुझं पत्र वाचून मी लगेच गुडघे टेकले. तू बरी व्हावीस म्हणून मागितलं, अगदी मनापासून. आणि त्याच दमात मनात आलं, की तू शुद्धीवर आलीच नाहीस तर हे कुणाला कधीच कळणार नाही. मी घाबरून उठले. हे पत्रसुद्धा कदाचित माझंच ओझं उतरवायला असेल. माझा माझ्यावर भरवसा राहिलेला नाही. म्हणून माझ्या प्रार्थनेवर विसंबू नकोस. नर्सला फोन कर. नंबर तोच आहे. दर रविवारी ती तुझी चौकशी करते आणि मी तिच्याकडे न बघता उत्तर देते. ती येईल. सोमवारी तुझा हात तिच्या हातात असावा, एवढंच आज मागितलं. उलटसुलट तपासून पाहिलं, चिमणे. यात मला काहीच मिळत नाही, उलट तू माझ्या हातून जातेस.

म्हणवत नाही, तरी तुझीच,
ताई