मामा विसरत नाही

४ फेब्रुवारी

आले बाबा एकदाची! दोन वर्षांत धड फोन न करणारा दादा चक्क स्टेशनवर आला, माझी बॅगही त्यानेच उचलली. वहिनीला दिवस गेलेत, ती तिच्या आईकडे आहे, त्यामुळे मागची खोली मला मिळाली. पलंग, टेबल, गल्लीकडे उघडणारी खिडकी. ऐट आहे माझी.

नोकरीही दादाच्याच कंपनीत. काम काय, तर तो बनवतोय तो व्हिडिओ गेम दिवसभर खेळायचा आणि चुका शोधायच्या. आई म्हणाली, याचे पैसे देतात? देतात गं आई!

पहिल्याच दिवशी अंगाला पांढरे ठिपके चिकटवून मला कॅमेऱ्यांपुढे येरझाऱ्या घालायला लावल्या. गेममधली चोर माझी चाल चालणार म्हणे. मी जरा फेंगडी चालते, त्यामुळे चोरही फेंगडी. दादा मात्र हल्ली पाय ओढत चालतो. म्हातारा झालास की काय, म्हटलं, तर हसला नाही.

७ फेब्रुवारी

या गेमने वेड लावलंय. मारामारी नाही, धावपळ नाही. पडद्यामागे, कपाटात, टेबलाखाली श्वास रोखून लपायचं आणि बूट वाजवत फिरणाऱ्या पहारेकऱ्याची पाठ वळली की सटकायचं. त्याला आम्ही मामा म्हणतो. मामाला चेहरे कळत नाहीत, तो फक्त चालीवरून माणूस ओळखतो.

आणि पकडलं गेलं तर एक बटण. वेळ मागे सरकते, मामा उलट्या पावलांनी जातो, सगळं विसरतो. आपली फजिती कुणी बघितलीच नाही! फक्त आपल्याला ठाऊक की मघाशी कुठे चुकलं. असं बटण मला शाळेत मिळालं असतं तर मी कुठल्या कुठे गेले असते.

नकाशा नव्याने कोण काढत बसणार, म्हणून दादाने आपलं ऑफिस आणि हे घरच मोजून गेममध्ये घातलंय. माझं काम, लपायच्या प्रत्येक जागी मुद्दाम पकडलं जायचं आणि वेळ मागे घ्यायची. एकही कोपरा सोडू नकोस, असं दादाने बजावलंय.

१२ फेब्रुवारी

एक चूक सापडली. वेळ मागे घेतली तरी मामा विसरत नाही. मघाशी जिथे पकडलं तिथेच जाऊन उभा राहतो आणि वाट बघतो. किती वेळा करून बघितलं. आता लपायला एकही जागा उरलेली नाही.

उड्या मारत दादाला सांगायला गेले. त्याने मान वर केली नाही. राहू दे म्हणाला. राहू दे कसं? याच्याचसाठी तर मला ठेवलंय ना?

१५ फेब्रुवारी

ऑफिसच्या बोळात माझ्या मागे बूट वाजतात. मी थांबले की थांबतात. वळून बघितलं तर कोणी नाही. शेजारच्या टेबलावरच्या चित्रकार बाईंना विचारलं, तुम्हाला ऐकू येतं का? त्यांनी मानेने नाही म्हटलं, पण हातातला कप खाली ठेवला.

दादाला सांगितलं तर म्हणतो, झोप पुरी होत नाही तुझी.

१८ फेब्रुवारी

आज बाई मला जिन्यात घेऊन गेल्या. रडत होत्या. म्हणाल्या, आधी मामाला दादाची चाल शिकवली होती. महिनाभर दादाला बूट ऐकू येत होते, ऑफिसला यायचा बंद झाला होता. पाय ओढत चालायला लागला, तरी मामा माग सोडेना. मग एक दिवस आला आणि म्हणाला, बहिणीला बोलावतो. जुनी चाल पुसून माझी घालायची, एवढंच काम होतं. बाई म्हणाल्या, मला कळलं होतं, मी गप्प बसले.

स्टेशनवर बॅग उचलली होती त्याने. मी आईला फोन करून सांगितलं होतं.

१९ फेब्रुवारी

विचारलं. तोंडावर विचारलं. वाटलं, नाही म्हणेल. खोटं बोलला असता तरी चाललं असतं मला.

म्हणाला, "मला मूल होणारे. तुझ्यामागे कोण आहे?"

एवढंच. मग भाजी चिरत बसला. माझा दादा —

बूट आता घरात आहेत. स्वयंपाकघरातून पडद्यामागे, पडद्यामागून कपाटाशी. गेममध्ये जिथे जिथे मी लपले होते तिथे —

२० फेब्रुवारी, दुपार

बाहेरून कडी घातलीये. दादाने. सकाळपासून पलंगावर पाय वर घेऊन बसलेय. चालले नाही तर मामाला मी सापडत नाही. चालायचं नाही. बस —

दादा दाराशी आलाय. हलक्या आवाजात बोलतोय. "तो गेला गं. ये, दार उघडतो. मी आहे ना."

किती मायेने. असं कधीच बोलला नव्हता. मला खरं वाटायला हवंय —

वाकून बघितलं. दाराखालच्या फटीत दादाच्या चपला. शेजारी बूट. दोघं एकमेकांना खेटून —

कडी निघाली.

दादा एकटाच आत आलाय. रडतोय. दोन्ही हात पुढे केलेत, बाळाला चालायला शिकवतात तसे, ये ये म्हणतोय, आणि मी नको नको म्हणतेय तरी माझा पाय खा