सासूबाईंसाठी चांदीचे कण

३ जून
आयुष्यभर कॉलेजात केमिस्ट्री शिकवून सडायचं नाही. बायकोच्या कुंडीतल्या लिंबाची पानं तोडली. सगळी. उकळली, गाळली, सिल्व्हर नायट्रेट घातलं. पाणी तपकिरी! म्हणजे चांदीचे नॅनोकण तयार. विषारी रसायन नाही, प्रदूषण नाही. कॅन्सरचे दिवस भरले.
बायको बोडक्या झाडाकडे बघत काहीतरी पुटपुटली. विज्ञान त्याग मागतं.

१३ जून, सकाळ
कॅन्सरच्या पेशींवर औषध घातलं होतं. साऱ्या मेल्या! पेशी सांभाळणाऱ्या बायोलॉजीच्या मॅडम म्हणाल्या, औषध न घातलेली प्लेटही बघून घ्या. लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. बघू सवडीने.

१३ जून, संध्याकाळ
सासूबाईंकडे गेलो. केमोने पार गळून गेल्यात. म्हटलं, थोडं थांबा, घरचंच औषध येतंय. माझा हात धरून रडल्या. भारावलो. सत्काराच्या भाषणात घेता येईल.

२० जून
प्राचार्यांनी विचारलं, उंदरांवर तरी करून बघितलंय का? दूरदृष्टी शून्य. मुलाखतींसाठी निळा शर्ट इस्त्रीला टाकला.

२४ जून
सासूबाई केमोला गेल्याच नाहीत. जावईबापूंचं औषध येतंय म्हणे! मी ‘थोडं थांबा’ म्हणालो, केमो थांबवा कुठे म्हणालो?
बायकोचा अबोला. एकदाच बोलली, “आईचं काही बरंवाईट झालं, तर तुझ्या रिसर्च पेपरात तिचं नाव येईल ना?”
पेपरात पेशंटची नावं देत नाहीत. पण हे तिला सांगितलं नाही.

२५ जून
फक्त शंका मिटवायला मॅडमकडे गेलो. त्यांनी प्लेटचे फोटो ठेवले होते. औषध न घातलेल्या पेशीही मेलेल्या. पेशी ज्यात वाढवतात त्या इन्क्युबेटरचा गॅस संपला होता. मॅडमनी नवी प्लेट पुढे सरकवली. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.
प्रयोग पुन्हा लावला. यंत्राचा दोष, औषधाचा नाही.

२८ जून
पेशी ठणठणीत. माझं औषध पिऊन जरा बाळसं धरल्यासारख्या वाटतात.

२९ जून
सासूबाईंना सांगायला गेलो. ‘प्राथमिक निष्कर्षांचा फेरविचार’ असं वाक्य पाठ केलं होतं. तोंडातून एवढंच निघालं, “आई, औषध नाहीये.”
त्यांनी केमोची फाईल उचलली. मग म्हणाल्या, “मग गाडी काढा.”
हॉस्पिटलात डॉक्टर आधी त्यांना रागावले. नंतर माझ्याकडे वळून विचारलं, आपण काय करता?
म्हटलं, गाडी चालवतो.