साफ आवाज

७ जुलै

सिनेमातून धुरपताबाईंचा आवाज काढायचं ठरलं.

दुपारी आकांक्षांचा फोन आला. मुंबईच्या निर्मात्यांकडून सगळं त्याच बघतात. पुण्यात काही लोकांना सिनेमा दाखवून पाहिला म्हणे. ‘चेहरा सगळ्यांना आवडलाय, रक्षा. बघताक्षणी आजी वाटतात. पण तोंड उघडलं की माणसं दचकतात. आपला प्रेक्षक कुटुंबाचा आहे ना!’ तर चेहरा राहील, आवाज पुण्याच्या एका डबिंग आर्टिस्टचा लावायचा.

फोन स्पीकरवर होता. आमचा दिग्दर्शक योगेंद्रदादा समोर बसून नखं खात होता.

दचकवण्यासाठीच तर त्यानं बाईंना घेतलं होतं! देवळीच्या स्टँडवर त्या कंडक्टरशी भांडत होत्या. तो आवाज ऐकून हा बसमागे आंजीपर्यंत गेला. मग ‘तेरवीचा पाहुणा’ हा सिनेमा. मेलेली म्हातारी स्वतःच्याच तेरवीच्या पंगतीत येऊन बसते, सगळ्यांचं खाऊन टाकते आणि जावयाच्या अंगावर ओकते. ओकारी पालकाच्या वरणाची. ओकण्याचा आवाज मी केला होता, भिजलेलं सोयाबीन बादलीत ओतून. ढेकर मात्र बाईंचा. अस्सल. सावंगीच्या होस्टेलमधल्या पोरांनी त्याची रिंगटोन केली. अजूनही वाजते.

आता ‘हळदीचं पाऊल’. ओकारी नाही, ढेकर नाही. आजी, नात, लग्न.

फोन ठेवल्यावर दादा म्हणाला, ‘तूच सांग त्यायले. मले नाई जमत. काही टेक्निकल सांगून दे.’

मी बरं म्हणाले. का म्हणाले?

८ जुलै

बाईंचे सगळे ट्रॅक पुन्हा ऐकले. स्वच्छ आहेत. वारा नाही, जनरेटरची घरघर नाही. एक शब्दही पुन्हा घ्यावा लागणार नाही.

हे इथेच लिहिते आहे.

१० जुलै

आंजीला जाऊन आले. बाई अंगणात तुरी निवडत होत्या. बाजूला खर्ऱ्याची पुडी. तंबाखू-सुपारी घोटल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नाही. त्यांचे यजमान रूपराव खाटेवर. मला पाहून ते ओरडले, ‘आली वो, तुयी इंजिनिअरीन आली!’

चहा झाला. वाक्य मी गाडीत तयार केलं होतं. ‘मावशी, शूटिंगच्या वेळी आवाज नीट आला नाही. बदलावा लागेल.’ कर्ता नाही, कारण नाही. आवाज नीट आला नाही — म्हणजे कोणाचं काय चुकलं, ते ऐकणाऱ्यानं ठरवायचं.

त्यांनी ठरवलं. हात तुरीतच थांबला.

‘माया आवाज खराब आला?’

इथे ‘नाही’ म्हणायला हवं होतं. ‘तुमचा नाही, यंत्राचा’ एवढं तरी. खोटंच बोलायचं तर ते खोटं बरं होतं. मी चहाचा कप खाली ठेवला.

‘त्या खर्ऱ्यानं गळा बसला असन,’ रूपराव म्हणाले. ‘बोंबलून सांगून राह्यलो हिले!’

‘तुमी चूप बसा ना!’ मग मला, अगदी हळू, ‘तुमचं लय नुसकान झालं का वो पोरी?’

मी म्हणाले, होतं असं कधीकधी.

निघताना त्यांनी पिशवीत कोहळं टाकलं.

१४ जुलै

दादाला म्हणाले, आपण त्यांना खरं सांगू. तो चिडला नाही. चिडला असता तर सोपं गेलं असतं.

‘माय माही “तेरवी” पाहाले आलती, ठाऊक हाये न तुले? ओकारीच्या सीनले उठून गेली. घरी जाऊन आंघोळ केली तिनं. त्या दिसापासून मले विचारत नाई का तू काय करून राह्यला म्हणून.’ माय म्हणजे त्याची आई, सुमित्राबाई. ‘लोकं मले पाहून ढेकर देतात, रक्षा. चाळिशी आली माही. लोकायले शेण खायले लावून किती दिवस काढू? एक पिक्चर पाह्यजे, जो माय शेवटवर बसून पाहीन.’

मला त्यात खोट सापडत नाही. तो विकला गेला असं होस्टेलची पोरं नव्या सिनेमाच्या पोस्टरखाली कमेंटमध्ये लिहितात. विकला गेलेला नाही. थकला आहे. पण त्याच्या थकण्याची किंमत बाईंनी मोजायची...

मोजायची म्हणते आहे. मोजायला लावली मी.

२ ऑगस्ट

बाई आज इथे घरी आल्या. एकट्या, आंजीहून बस बदलून. बाबा खाली दुकानात गिऱ्हाइकाला कापड दाखवत होते. त्यांनीच हाक मारली — ‘रक्षा, तुझी हिरोईन आली!’

जिना चढून वर आल्या आणि दम घ्यायच्या आधीच म्हणाल्या, ‘मी खर्रा सोडला.’

मी खुर्ची पुढे सरकवली.

‘खरंच वो! तेव्हापासून तोंडात नाई घेतला. डोस्कं भनभन करते. हे म्हणतात, जलमभर मी सांगून थकलो, अन् त्या पोरीच्या एका शब्दानं सोडला! मी रोज हळद-मिठाच्या गुळण्याबी करतो. आता घेऊन पाह्य.’

‘काय घेऊ, मावशी?’

‘आवाज! आता साफ आला असन. पुना घे न सगळं. मी फुकट करतो. त्यायचं नुसकान नोको माया पायी.’

वरच माझी रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना जुन्या गाद्या लावलेल्या. तिथे माइक लावला. नाही म्हणायला तोंड उघडलं असतं तर बाकीचंही बाहेर आलं असतं, म्हणून लावला. हेडफोन घातला. त्यांनी पदर खोचला, स्क्रीनवर स्वतःचे ओठ पाहिले आणि बोलू लागल्या.

पाठवणीचा प्रसंग. नात गाडीत बसते आणि आजी म्हणते, ‘जाय माय. मांगं नोको पाहू.’ एप्रिलमध्ये शूटिंगला त्यांनी हे चांगलं म्हटलं होतं. आज ‘माय’वर आवाज चिरला आणि त्यांनी तो तसाच चिरू दिला. माझी बोटं आवाज कमीजास्त करायच्या फेडरवरून निसटली. इतकी वर्षं हे काम करते. असं कधी झालं नव्हतं.

‘आला का वो साफ?’

‘आला.’

‘मंग लावतीन न हाच?’

‘पाठवते मी त्यांना.’

खाली बाबांनी त्यांना चिवडा दिला. त्या बाबांना सांगत होत्या, ‘तुमची पोरगी लय कामाची हाये, भाऊ. दुसरी असती तं सांगितलंबी नसतं का तुयं खराब झालं म्हणून. लोकं तोंडावर बोलत नाईत.’

५ ऑगस्ट

पाठवणीचं रेकॉर्डिंग आकांक्षांना पाठवलं. वर एवढंच लिहिलं — ‘पुन्हा विचार व्हावा.’ तासाभरात त्यांचा फोन. ‘मी रडले, खरं सांगते. पण रक्षा, निर्णय माझ्या एकटीचा नाही. आणि झालाय.’

प्रामाणिकपणे बोलल्या. मला तेवढंही जमलेलं नाही.

१९ ऑगस्ट

पुण्यात डबिंग. आर्टिस्ट बाई फार चांगल्या. ओठांवर शब्द असा बसवतात की सांधा दिसत नाही. वऱ्हाडी शब्द तेच ठेवले, पण सगळे धुऊन वाळत घातल्यासारखे. मधेच म्हणाल्या, मूळ आवाज एकदा ऐकवा ना. ऐकवला. आधी हसल्या, मग हेडफोन कानांवर दाबून धरला.

‘याला काय झालंय? छान आहे की!’

‘वरून ठरलंय.’

‘त्या बाईंना माहीत आहे?’

‘टेक्निकल अडचण आहे असं सांगितलंय,’ मी म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पाण्याची बाटली उघडली. पुढे कामापुरतंच बोलल्या.

३ सप्टेंबर

रूपरावांचा फोन. बाईंनी अजून खर्ऱ्याला हात लावलेला नाही. शेजारणी चिडवतात, ‘हिरोईन झाली आता, आपल्यात बसत नाई!’

‘तवा कदी लागते पिक्चर?’

नोव्हेंबरमध्ये, मी म्हणाले.

३० सप्टेंबर

आज सगळ्या आवाजांचा शेवटचा मिक्स दिला. एक गोष्ट केली. कोणाला सांगितली नाही.

पाठवणीत बाईंचा आवाज लावला. ऑगस्टमधला, चिरलेला. फक्त तेवढाच प्रसंग. मोकळ्या अंगणाचा घुमारा जुळवला, सनईच्या आड जरा सरकवला, पुण्याच्या आवाजातून त्यात जाताना दचका बसणार नाही इतपत कडा घासल्या. आकांक्षांनी पूर्ण ऐकून पास केलं. दादानंही. त्यांना कळलं नाही, की कळूनही बोलले नाहीत, माहीत नाही.

चूक आहे हे. नोकरीच्या दृष्टीनं सरळ फसवणूक. पण जुलैपासून आज पहिल्यांदा पोटभर जेवले.

सगळा सिनेमा त्यांच्याकडून काढून घेतला. एक प्रसंग परत दिला. त्या थिएटरात बसतील, इतर ठिकाणी काय वाटायचं ते वाटेल, पण तिथे त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येईल. कळेल की कोणीतरी तो ठेवला.

१४ नोव्हेंबर

वर्ध्यात पहिला खेळ. आंजीहून दोन ट्रक भरून माणसं. बाई नव्या हिरव्या लुगड्यात, पहिल्या रांगेत मधोमध. मी मागे, दाराजवळ, आवाजाची पातळी बघायच्या निमित्तानं.

बाई पडद्यावर आल्या तशी होस्टेलची पोरं ओरडली, ‘ढेकर! ढेकर!’ ढेकर आला नाही. आला तो गोड, धुतलेला आवाज. आंजीच्या रांगांत कुजबुज झाली. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, ‘हे कोन बोलून राह्यलं वो?’ बाकीच्यांनी तिला चूप केलं. मला बाईंची फक्त पाठ दिसत होती. पाठ हलली नाही.

पाठवणी. ‘जाय माय. मांगं नोको पाहू.’ सगळं थिएटर रडलं — कुटुंबंही, होस्टेलची पोरंही! दचकलं कोणी नाही. सुमित्राबाई शेवटपर्यंत बसल्या. दिवे लागल्यावर त्यांनी भर लोकांत दादाच्या तोंडावरून हात फिरवला आणि तो लहान मुलासारखा हमसून रडला. त्याच्यासाठी मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

बाईंभोवती गर्दी होती. त्या मान वळवून कोणाला तरी शोधत होत्या. मला असेल. मी बाजूच्या दारानं निघून आले. भेटायला धीर झाला नाही. पण त्यांनी ऐकलं असणार. पाठवणीत तर ऐकलंच असणार.

१५ नोव्हेंबर

बाईंचा फोन. खूप खुश!

‘किती साफ केला वो पोरी तुनं आवाज! मी तं ओळखलाच नाई. हे म्हणतात, मोबाईलात फोटो गोरा होते न, तसा आवाजबी होते. सारं गाव इचारून राह्यलं. मी म्हनलं, रक्षानं केला. पन तुले एक सांगू? रागावजो नोको. थे पाठवनी हाये न — तिथं तेवढा राहून गेला. तिथं माया जुनाच हाये, फाटका. मले लय लाज वाटली वो, एवढ्या लोकायत. मान खाली घालून बसलो. टीव्हीवर येईन तवा तेवढाबी साफ करून देजो.’

मी हो म्हणाले.